रोजचा अर्धा पेला

झाकणाला हात लावायच्या आधी मिस्त्री रेडिएटरला हात लावत असे. तळवा सपाट टेकवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. पितळ गार लागलं, तरच झाकणावर फडकं टाकायचं. रात्रभर शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन सकाळी साडेसहाला गरम असायचं काही कारण नव्हतं. पण बस डेपोत अडतीस वर्षं काढलेला माणूस कारणावर विसंबत नाही. तिथे गाडीखाली काम करायच्या शेजारच्या खड्ड्यावरच्या एकाने घाईत गरम झाकण उघडलं होतं. त्याचा चेहरा बरा झाला, पण एक भुवई कायमची गेली.

झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं. थांबायचं. मग दाबून पुढे फिरवायचं आणि उचलायचं. खिशातून विणकामाची लाकडी सुई काढायची. बायकोच्या जोडीतली ही एक सुई, तिच्यावर कानशीने पाडलेली एक खाच. सुई सरळ आत सोडून जाळीला टेकवायची आणि वर काढून बघायची. हिरवा ओलावा खाचेपर्यंत असला पाहिजे. तो कधीच नसे. बोटभर खाली असे.

मग अवजारांच्या पेटीमागून एक डबा निघे. डब्यावर मिस्त्रीने स्वतःच लिहून ठेवलं होतं, 'जुनं ऑइल, फेकायचं'. आत स्वच्छ कूलंट असे, इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी. निम्मं कूलंट आणि निम्मं बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, घरी मोजून मिसळलेलं. त्यातला अर्धा पेला ओतायचा, तोही बारीक धारेने, आत हवा अडकू नये म्हणून. पुन्हा सुई. ओलावा खाचेला. झाकण, फडकं, डबा जागच्या जागी. एकूण दहा मिनिटं.

पावणेसातला घराच्या मागच्या दाराची कडी वाजे आणि गाडीचे मालक दोन कप चहा घेऊन येत.

"काय म्हणतेय?"

"ठीक आहे."

"पाणी?"

"हललं नाही."

मालक मान हलवत, जणू स्वतःच्याच तब्येतीची खबर मिळाली. मग दोघे शेडच्या उंबऱ्यावर बसून चहा पीत. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. आणि या अकरा वर्षांत मिस्त्री घराबाहेर एकही रात्र राहिला नव्हता.

मालकांचं चष्म्याचं दुकान होतं. वय ऐंशी. गाडी त्यांच्या वडिलांची, गर्द हिरवी, लांब नाकाची, दारं बंद करताना कपाट बंद केल्यासारखा आवाज करणारी. तापमानाचा काटा कधीच मेलेला. मालकांचीच नजर अधू झाल्यापासून सून गाडी चालवत असे. रोज नऊला घरून दुकान, एकला दुकानातून घर. दुकानात आलेल्या माणसाला चष्मा मिळायच्या आधी गाडीची गोष्ट ऐकावी लागे. गोष्ट एकच होती, "आमच्या मिस्त्रीने इंजिन बांधलं त्याला अमुक वर्षं झाली. आजपर्यंत पाण्याचा थेंब हललेला नाही."

ही गोष्ट मिस्त्रीच्याच तोंडून निघालेली होती. तोच तर घोळ होता.

अकरा वर्षांपूर्वी त्याने ते इंजिन पूर्ण उघडलं होतं. सुट्ट्या टाकून, पाच आठवडे. डेपोत त्याला मोजपट्टी म्हणत, कारण तो नट आवळतानाही डोळ्यांनी अंतर मोजल्यासारखा दिसे. काम त्या नावाला शोभेल असं झालं होतं. शेवटच्या शनिवारी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, तेवढं बसवायचं राहिलं होतं. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळत जायचं, तीन फेऱ्यांत. तिसऱ्या फेरीचा शेवटचा बोल्ट, मागच्या कोपऱ्यातला. पान्यावर जोर दिला आणि हाताला काहीतरी सैल लागलं. बोल्ट फिरत होता आणि आवळत नव्हता. आत, हेडखालच्या ब्लॉकमधले, आटे झिजून गेले होते.

त्याला त्याच क्षणी कळलं. हेड पुन्हा काढायचं, भोक मोठं करायचं, त्यात बुश, म्हणजे पोलादी नळकांडं, बसवायचा, नवे आटे पाडायचे. आणखी तीन दिवस. पण अंगणात मालकांचे सात-आठ स्नेही खुर्च्या टाकून बसले होते. पाच आठवडे त्यांना आजची तारीख सांगितलेली होती. मिस्त्रीने मागे वळून पाहिलं, कुणी बघत नव्हतं. त्याने बोल्ट काढला, त्याच्या आट्यांवर तांब्याची बारीक तार गुंडाळली आणि हलक्या हाताने परत बसवला. अडतीस वर्षांत असलं काम त्याने दुसऱ्या कुणाचं चालवून घेतलं नव्हतं. एका फिटरला तर त्याने याच गोष्टीवरून सगळ्यांदेखत पान्यासकट बाहेर काढलं होतं.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. टाळ्या पडल्या. मालक म्हणाले, "मिस्त्री, टिकेल ना?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वीस वर्षं यातला पाण्याचा थेंब हलायचा नाही."

तीन आठवड्यांनी पाणी एकाच दिवसात बोटभर खाली गेलेलं दिसलं. बाहेर कुठेच ओल नव्हती. त्या कोपऱ्यातून ते आत सिलिंडरमध्ये जात होतं आणि धुरातून उडून जात होतं. गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं धूर पांढरा येई आणि त्याला गोडसर वास असे. मालक म्हणत, जुन्या गाड्यांचा धूरही खानदानी असतो.

पुढच्या महिन्यात सांगू, असं मिस्त्रीने ठरवलं. पुढच्या महिन्यापर्यंत गोष्ट दुकानभर झाली होती. वर्षाने त्याने जीव मुठीत धरून विचारलं, "मालक, एकदा हेड उघडून बघू का?" मालक हसले. "थेंब हलत नाही आणि उघडायचं? हात शिवशिवतात तुझे." झालं. उघडायचं, तर का ते सांगावं लागणार. सांगायचं, तर कधीपासून तेही सांगावं लागणार. आणि दर वर्षी त्या 'कधीपासून'मध्ये एक वर्ष वाढत होतं.

एकदाच जास्त भरून बघितलं होतं. चालत नाही. गरम झालं की पाणी फुगतं आणि जादाचं वरच्या नळीने बाहेर टाकलं जातं. खाचेच्या वर एक थेंब राहत नाही. म्हणजे रोजचं रोज.

अंगात ताप असतानाही तो शेडवर गेला. पाय मुरगळला तेव्हा काठी टेकत गेला. मोठा भाऊ वारला तेव्हा तिथलं सगळं आटोपून तो त्याच संध्याकाळच्या बसने परतला. वहिनी दारात म्हणाली, "एक रात्र भावाच्या घरी जड झाली का, भाऊजी?" त्याने पिशवी उचलली. उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

बायको त्या गाडीला सवत म्हणायची. आधी थट्टेने, मग नुसतंच. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, चोपन्न पायऱ्या. तिचे गुडघे दोन वर्षांपासून गेलेले. मुलीने आपल्या गावी घराच्या तळमजल्यावर दोघांसाठी खोली बांधली होती, न्हाणीघराला धरायला दांडीसुद्धा लावून घेतली होती. मिस्त्री दोन वर्षं म्हणत होता, जाऊ, जाऊ. शेवटी एका सोमवारी बायकोने पलंगाखालून बॅग ओढली.

"गुरुवारी जावई येतोय न्यायला. मी जाणार. तुम्हाला यायचं तर या, नाहीतर सवतीपाशी बसा."

"एवढी घाई?"

"सात महिन्यांत मी रस्ता फक्त खिडकीतून बघितलाय. घाई म्हणतात का याला?"

वर अडकून पडलेली ती होती, आणि तिला अडकवून ठेवणारा अर्धा पेला खाली होता.

मंगळवारी सकाळी कूलंट घालून तो उंबऱ्यावर बसला. चहा आल्यावर म्हणाला, "मालक, गुरुवारी गाव सोडतोय. कायमचा. हिचे गुडघे."

त्याला वाटलं होतं, मालक अडवतील. रागावतील, निदान आठ दिवस थांब म्हणतील. अडवलं असतं, तर भांडता तरी आलं असतं. पण मालक कपाकडे बघत म्हणाले, "जा. आधीच जायला हवं होतंस. गाडीची काळजी करू नकोस. तू बांधलेलं इंजिन आहे. थेंब हलत नाही, मग तिला काय धाड भरलीय?"

दार सताड उघडं होतं. ते त्याच्याच वाक्याने उघडलं होतं, आणि त्याच वाक्यामुळे त्याला पाऊल बाहेर टाकता येत नव्हतं. येत्या रविवारी सून मालकांना टेकडीवरच्या एका स्नेह्याकडे नेणार होती. चाळीस किलोमीटर, निम्मा चढ. तोवर तीन-चार दिवसांचं पाणी गेलेलं असणार. काटा मेलेला. चढावर इंजिन उकळेल, हेड वाकेल, पिस्टन आत अडकून बसतील. कदाचित गाडी वळणावरच बंद पडेल.

"कुणीतरी रोज बघायला हवं," तो म्हणाला.

"मी बघेन की," मागून सून म्हणाली. ती दुकानात चष्म्यांची मापं काढायची. बोलणं थोडं, काम नेमकं. "दाखवा मला, मिस्त्रीकाका."

त्याने दाखवलं. गार आहे का ते बघायचं, फडकं टाकायचं, पहिल्या खाचेला थांबायचं. तिने सुई नाकारली. ॲप्रनच्या खिशातून डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी काढली, आत सोडली, वर काढून बघितली आणि तळहातावर पेनाने लिहिलं, एकवीस.

"एकवीस मिलिमीटर. रोज किती कमी होतं?"

मालक समोर बसले होते. मिस्त्रीच्या जिभेला अकरा वर्षांची सवय होती.

"काही नाही."

"मग रोज बघायचं कशाला?"

मालकच हसले. "त्याला बघायची खोड आहे गं. मोजपट्टी म्हणतात त्याला."

सून हसली नाही. तिने तळहाताकडे एकदा बघितलं आणि आत गेली.

त्या दिवशी मिस्त्री घरी गेला तो जेवला नाही. उद्या सांगू, असं त्याने ठरवलं. मग त्याच्याच लक्षात आलं की हे तो चार हजार वेळा ठरवून झाला आहे.

बुधवारी तो सव्वासहालाच पोचला. शेडचा दिवा लागलेला होता. बॉनेट उघडं, फडकं जागेवर, सून पट्टी हातात धरून उभी. इंजिनखाली सिमेंटवर वर्तमानपत्र अंथरलेलं.

"तीन," ती म्हणाली. "काल एकवीस होतं. काल फक्त दुकानात जाऊन आलो." तिने पायाने वर्तमानपत्र दाखवलं. "काल दुकानासमोर रस्त्यावर गाडीखाली एक टाकलं होतं, इथे हे रात्रभर. दोन्ही कोरडे. मग अठरा मिलिमीटर गेलं कुठे?"

ती खाली वाकली, पेटीमागून डबा काढला, टोपण उघडून वास घेतला.

"आणि हे जुनं ऑइल हिरवं कसं?"

एखादी नळी सांगता आली असती. एखादी सैल क्लिप, झाकणाचं रबर. तिला पटलं असतं की नाही कोण जाणे, पण त्याच्याकडे सांगण्यासारख्या डझनभर गोष्टी होत्या. तेवढ्यात कडी वाजली. मालक दोन कप घेऊन दारात आले आणि सवयीने म्हणाले, "काय म्हणतेय?"

"आत पाणी जातं, मालक. मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टचे आटे गेलेत. मीच घालवले. बांधलं त्याच दिवशी. तार गुंडाळून बसवला आणि तुम्हाला थेंब हलणार नाही म्हणालो. रोज अर्धा पेला घालतो."

मालकांनी कप खाली ठेवले. एक कलंडला. तो कुणीच उचलला नाही.

"अकरा वर्षं?"

"हो."

"रोज सकाळी त्यासाठी यायचास?"

"हो."

मालक गाडीकडे वळले. त्यांना आता तिचं नाकसुद्धा नीट दिसत नव्हतं. मग म्हणाले, "मला वाटायचं, तू माझ्याकडे येतोस."

ते आत गेले. मिस्त्रीला वाटलं होतं, सांगितलं की पाठीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. फक्त कुठे आहे ते दिसायला लागलं.

सून म्हणाली, "दुरुस्त होईल?"

"होईल. हेड काढून, बुश बसवून, सपाट करून. आठ दिवस."

"तुम्ही तर उद्या जाताय."

त्याने उभ्या उभ्या हिशेब केला. त्याला मोजल्याशिवाय राहवत नसे. रोजची दहा मिनिटं, अकरा वर्षं. सहाशे सत्तर तास होत होते. आठ दिवसांचं काम म्हणजे चौसष्ट. तेव्हाच केलं असतं तर तीन दिवस. तीन दिवस वाचवायला इतकी महाग किंमत कुणी मोजली नसेल.

घरी तिला सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत होती, गुडघ्यांवर हात ठेवून.

"म्हणजे प्रेमबिम काही नव्हतं तुमचं," ती शेवटी म्हणाली. "धाकाने जात होतात."

"हो."

"आणि मी उगाच तिला सवत म्हणत होते." चादर सारखी करत ती म्हणाली, "माझी सुई पण त्यातच गेली ना? सारं घर उलटंपालटं केलं होतं मी त्या सुईपायी."

"खिशातच आहे."

"किती दिवस लागतील?"

"आठ."

"मी उद्याच जाणार. तुमच्या आठ दिवसांसाठी मी या चोपन्न पायऱ्यांवर अडकून नाही राहायची."

गुरुवारी जावयाने तिला उतरवलं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवून. मिस्त्री खुर्ची घेऊन पुढे पुढे उतरत होता. गाडीत बसताना ती इतकंच म्हणाली, "नीट करा. पुन्हा तार नको." मग तो पाठीवर पान्यांची पिशवी टाकून शेडकडे चालू लागला.

हेड निघालं. मागच्या कोपऱ्यातला बोल्ट हाताने उपटून आला, तार अजून त्याला चिकटलेली, हिरवी पडलेली. ती त्याने फेकली नाही, काम संपेपर्यंत समोर खिळ्याला टांगून ठेवली. भोक मोठं केलं. बुश स्वतः डेपोतल्या जुन्या सोबत्याच्या लेथवर उभा राहून कातून घेतला, पहिला पसंत पडला नाही म्हणून दुसरा. हेड सपाट करून आणलं, काचेवर ठेवून चारी बाजूंनी बघितलं. हेडखालचं गॅस्केट नवं. गुडघ्यांवर बसून काम करायचं वय राहिलं नव्हतं. उठताना मडगार्डला धरावं लागे. घरी कुणी नव्हतं. तो अंधार पडल्यावरच घरी जाई, आणि सकाळी साडेसहाला पुन्हा तिथेच.

मालक आले नाहीत. रोज पावणेसातला सून एकच कप खिडकीच्या फळीवर ठेवून जाई. मिस्त्री तो उभ्यानेच पिई. समोरच्या वरच्या खिडकीचा पडदा कधी हलला, तरी तो वर बघत नसे. टेकडीवरच्या स्नेह्याकडे सून मालकांना भाड्याच्या गाडीने घेऊन गेली. तेही मिस्त्रीने बॉनेटमध्ये डोकं घालून ऐकलं.

आठव्या दिवशी हेड आवळलं. मधून बाहेर, तीन फेऱ्या. शेवटच्या बोल्टवर जोर दिला. पाना अडला. धातू धातूला घट्ट लागल्याचा तो अडसर हाताला कळला. कूलंट भरलं, हवा काढली, इंजिन सुरू केलं. धूर पहिल्यापासून स्वच्छ आला. अंगणात खुर्च्या नव्हत्या.

मग दोन दिवस सुनेने गाडी दुकानात नेली-आणली. दोन्ही सकाळी पट्टीवर एकवीस. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाची बस होती. मिस्त्री साडेसहाला आला, तळवा टेकवून दहापर्यंत मोजलं, फडकं टाकलं. तेवढ्यात कडी वाजली.

मालकांच्या हातात दोन कप होते आणि खिशात सुनेची पट्टी. कप उंबऱ्यावर ठेवून त्यांनी स्वतः झाकण फिरवलं, पहिल्या खाचेला थांबले. पट्टी सोडली, वर काढली आणि डोळ्यांच्या अगदी जवळ नेली. तरी दिसेना. तरीही त्यांनी ती मिस्त्रीपुढे धरली नाही. अंगठ्याने चाचपली, ओल कुठे संपते ते बघितलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. थेंबाचं नाव काढलं नाही. मिस्त्रीनेही काढलं नाही.

दोघे उंबऱ्यावर बसले.

"तुझ्यानंतर पावणेसातला मी काय करू, ते सांगून जा," मालक म्हणाले.

"रोज बघायची गरज नाही आता. महिन्यातून एकदा पुरे."

"ते गाडीचं झालं."

मिस्त्रीने चहा संपवला. कप फिरवत बसला.

"मालक, पाणी घालायला दहा मिनिटं लागायची. मी इथे पाऊण तास बसायचो."

मालकांनी आपला कप बाजूला ठेवला. मग त्याच्या हातातला रिकामा कप घेतला आणि म्हणाले, "बस चुकेल तुझी."

मुलीच्या घरी पोचल्यावर त्याने पाय धुतले आणि आधी खिशातून सुई काढून बायकोपुढे ठेवली. ती तळमजल्यावरच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, रस्त्याकडे तोंड करून. तिने सुईवरून बोट फिरवलं.

"ही खाच. यात लोकर अडकणार."

त्याने सुई उजेडात धरली. खाच खोल होती. ती घालवायची तर सगळी सुई तेवढी बारीक करावी लागणार. आणि मग जोडीतली दुसरीही, नाहीतर टाके लहानमोठे पडणार.

"दोन्ही घासाव्या लागतील," तो म्हणाला. "नीट करायचं तर दोन दिवस."

"करा की. तुम्हाला आता कुठे जायचंय?"

तो काचकागद शोधायला उठला होता, तो थांबला. त्याने खरंच विचार केला.

"कुठेच नाही," तो म्हणाला.